खंडेनवमीला ओळीत आणलेली वायर

संगणकाला पत्ता मिळाला नाही की तो गप्प बसत नाही. थोडा वेळ हाका मारतो, ‘पत्ता द्या, पत्ता द्या’ म्हणून. कुणी ओ दिली नाही की आपला आपणच एक पत्ता कपाळावर चिकटवून घेतो. तो एकशे एकोणसत्तर या आकड्यापासून सुरू होतो आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नसतो. पण यंत्र तो मोठ्या रुबाबात मिरवत बसतं.

चौपन्नाव्या वर्षी मीही अगदी अशीच होते. नगरला आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यातले दोन दिवस पाहुण्यांच्या स्वागतात गेले, एक दिवस लाईट नव्हती, आणि उरलेल्या दिवसांत मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. परत आले ती ‘नेटवर्कवाल्या मॅडम’ होऊनच. ही पदवी मला कुणी दिली, असं विचाराल तर मीच. आता साठी उलटलीय, दोन नातवंडं आहेत, आणि त्या चौपन्न वर्षांच्या बाईवर मनसोक्त चिडायचा मला पूर्ण अधिकार आहे. तिला वाचवायला मध्ये पडेल असं आता कुणी नाही.

आमचं कॉलेज कर्जतच्या बाजूला, माळावर. चारी बाजूंनी ज्वारीची रानं आणि फुफाटा. मी तिथे संगणक प्रयोगशाळेची प्रमुख होते. ऑफिसशेजारी एक चिंचोळी खोली होती. तिच्यात नेटवर्कचं लोखंडी कपाट, कपाटात मुख्य स्विच, खाली पत्ते वाटणारा सर्व्हर, आणि या सगळ्यांना गार ठेवायला एसी. अख्ख्या कॉलेजात एसी दोनच, एक प्राचार्यांना आणि एक कपाटाला.

नेटवर्क लावलं होतं नगरच्या एका इंजिनिअरने. त्याने वायरी सगळ्या एकाच इमारतीत फिरवल्या, पण आत आळ्या वेगवेगळ्या पाडल्या. ऑफिसची आळी वेगळी, ग्रंथालयाची वेगळी, वरच्या मजल्यावरच्या परीक्षा हॉलची वेगळी. या आळीतली हाक त्या आळीत ऐकू जायची नाही, म्हणजे पोरांनी हॉलमध्ये बसून ऑफिसच्या फायली उघडायला नकोत. पत्ते वाटणारा मात्र सगळ्यांना मिळून एकच. मग दुसऱ्या आळीतली हाक त्याच्यापर्यंत पोचायची कशी? तर मुख्य स्विच ती हाक उचलून त्याच्याकडे नेऊन देणार आणि पत्ता घेऊन परत येणार. वरच्या मजल्याची सगळी ये-जा एकाच वायरीतून चालायची, आणि ती वायर मुख्य स्विचच्या अगदी शेवटच्या भोकात असायला हवी होती. कारण सगळ्या आळ्यांचा माल एकत्र नेण्याची परवानगी त्या एका भोकालाच दिलेली होती. बाकीची भोकं दिसायला तशीच, पण प्रत्येकाची आळी ठरलेली.

हे मी आज किती शहाण्यासारखं सांगतेय बघा. तेव्हा हे मला कळलं होतं अशी माझी समजूत होती.

त्या खोलीची झाडलोट करायला कंत्राटावर एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीसुद्धा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पण झाडू हातात असलेली बाई मावशी आणि पेन हातात असलेली मॅडम, हा हिशोब आमच्याकडे कुणी कधी तपासला नव्हता. तिचं माहेर खर्ड्याचं. काही बोललं की म्हणायची, ‘आमी किल्ल्याखालची मान्सं हाय, आमाला दम देऊ नका.’ दुपारी जेवण झालं की ती कपाटाच्या खोलीत जाऊन पदर तोंडावर घेऊन अर्धा तास झोपायची. एसीत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना खुपत होतं. आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये खुर्चीवर झोपायचो, पण ती विश्रांती म्हणायची.

तर या मावशीने कपाटातल्या वायरींना चिंध्या बांधल्या होत्या. इंजिनिअर नेटवर्क लावायला आला तेव्हा बॅटरी धरून हीच उभी होती. कुठली वायर कुठे जाते ते तिने त्याला विचारून घेतलं आणि जुन्या लुगड्याच्या, ब्लाऊजच्या चिंध्या फाडून एकेकीला बांधल्या. ऑफिसला हिरवी, ग्रंथालयाला पिवळी, वरच्या हॉलच्या वायरीला लाल. मला ते बघून लाज वाटायची. बाहेरचं कुणी आलं तर काय म्हणेल? एवढं लाखमोलाचं कपाट आणि त्यात या चिंध्या.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, टेम्पोवाला टेम्पो पुजतो, आणि मी ठरवलं की या वर्षी नेटवर्कचं कपाट पुजायचं. नुसतं हळद-कुंकू लावून भागणार नव्हतं. मला फोटो काढायचा होता, कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला. म्हणून मी सकाळीच सगळ्या वायरी उपटल्या, स्विच ओल्या फडक्याने पुसून लख्ख केला, चिंध्या सोडून केरात टाकल्या.

मावशी दारात उभी होती. म्हणाली, चिंध्या राहू द्या. मी म्हटलं, घाण दिसतंय. ती म्हणाली, घाण दिसू द्या की, वायरी काय लग्नाला चालल्यात व्हय? मी तिला झेंडूची माळ करायला पाठवलं.

वायरी परत लावताना मी फार काळजी घेतली, हे मला आवर्जून नमूद केलं पाहिजे. ऑफिसच्या आणि ग्रंथालयाच्या वायरी डावीकडून ओळीने होत्या तशा ओळीने लावल्या. मग चार-पाच भोकं रिकामी आणि पार टोकाला ती एक वायर. फोटोत ते विचित्र दिसत होतं, पंगतीत एकजण रुसून लांब बसल्यासारखं. म्हणून मी तिला ओळीत आणली. शेजारच्याच भोकात घातली. दिवा लगेच हिरवा लागला. मी हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, फोटो काढला. ग्रुपवर सतरा जणांनी हात जोडले.

दसऱ्याला कॉलेजलाच सुट्टी, आणि खंडेनवमीला वरचा हॉल बंदच होता. ऑफिस चालू, ग्रंथालय चालू, सगळं झकास.

सण उरकून कॉलेज उघडलं ते शनिवारी. सोमवारपासून वरच्या हॉलमध्ये विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा. सकाळी मी वर गेले, चाळीस संगणक चालू केले, आणि चाळीसच्या चाळीस एकशे एकोणसत्तर घेऊन बसले.

यानंतर मी जे केलं त्याला शोध म्हणायचं की थयथयाट, ते तुम्हीच ठरवा. आधी सर्व्हर बंद करून चालू केला. मग पत्ते संपले असतील म्हणून यादी बघितली. पत्ते ढिगाने शिल्लक. मग वरचे संगणक एकेक करून बंद-चालू केले, चाळीसदा, जिना तीनदा चढून-उतरून. मग विजेच्या नावाने ओरडले. मग इंजिनिअरला फोन लावला आणि त्याने काही बोलायच्या आत त्याला सुनावलं, की तुमचं सामानच हलकं आहे. तो बिचारा शांतपणे विचारत होता, मुख्य स्विचमध्ये हाक पुढे नेण्याची ओळ लिहिलेली दिसते का? मी बघितलं, दिसत होती. मग त्याने विचारलं, “मॅडम, तिथे काही हलवलंय का?”

“काहीही नाही,” मी म्हटलं.

आणि मी खोटं बोलत नव्हते, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मला खरंच वाटत होतं की मी काही हलवलं नाही. मी पूजा केली होती. पूजा करणं म्हणजे हलवणं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कुणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या वायरी काढल्या असत्या तर मी पोलीस बोलावले असते. हळदीच्या हाताने काढल्या म्हणून त्या काढल्याच नव्हत्या. तो म्हणाला, मग वायरींची जोडणी बघावी लागेल, मी सोमवारी पहाटे निघतो. मी म्हटलं, सोमवारी येऊन काय आरती करणार? आणि फोन ठेवला.

प्राचार्यांनी बोलावलं. ते चिडलेलेच होते. विचारलं, त्या खोलीत कोण कोण जातं?

मी म्हणाले, “मी, आणि मावशी.”

मी एवढंच म्हणाले. पण ‘मी’ म्हणताना आवाज कसा होता आणि ‘मावशी’ म्हणताना कसा झाला, ते मला आजही ऐकू येतं. वर मी आणखी पुस्ती जोडली की ती दुपारी तिथे झोपते, ओलं फडकं मारते. ओलं फडकं! ते फडकं कुणाच्या हातात होतं? या नेटवर्कवाल्या मॅडमच्या. पण फडकं म्हटलं की मावशी, हे प्राचार्यांनाही पटलं आणि मला तर आधीच पटलेलं होतं.

अर्ध्या तासात कागद टाइप झाला. संगणक यंत्रणेचं नुकसान केल्याबद्दल खुलासा द्यावा आणि पुढील आदेश होईपर्यंत कामावर येऊ नये. त्यावर जावक नंबर पडला. मावशीचं कंत्राट दिवाळीनंतर नव्याने व्हायचं होतं. असा कागद फायलीत असलेल्या बाईचं कंत्राट कुणी पुन्हा करत नाही, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला पण होतं. मी वर जाऊन संगणक बंद-चालू करत बसले.

दुपारी, दुसरं काही सुचेना तेव्हा, मला प्रशिक्षणातली एकच गोष्ट आठवली. पत्ता मिळत नसेल तर एका यंत्राला हाताने पत्ता लिहून द्यायचा आणि बघायचं. मग रस्ता चालू झाला, तर दोष पत्ते वाटणाऱ्याचा. नाही झाला, तर रस्ताच तुटलाय. हे सकाळी करायला दोन मिनिटं लागली असती. पण सकाळी मी रागावण्यात गुंतले होते. मी हाताने पत्ता लिहिला. यंत्र आपल्या आळीच्या दारापर्यंतसुद्धा पोचेना. म्हणजे पत्ते वाटणारा निर्दोष. रस्ता तुटलेला. आणि रस्ता जिथून निघतो ते कपाट खाली, झेंडूच्या माळेसकट.

खोलीत मावशी होती. किल्ल्यांचा जुडगा सर्व्हरच्या टेबलावर ठेवून भिंतीला टेकून बसली होती. कागद हातात घडी करून. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकलेली. मी तिच्याकडे न बघता स्विचकडे बघत राहिले. दिवे सगळे हिरवे.

“मॅडम,” ती म्हणाली, “म्या काय क्येलं ते तरी सांगा. खुलाशात लिवायला बरं.”

मी म्हटलं, वरच्या हॉलला रस्ता मिळत नाही, वायर कुठली ते बघतेय.

ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “लाल चिंधीवाली. ती पार टोकाच्या भोकात हुती. तुमी तिला हिकडं आनली, फोटूसाठी. मला वाटलं शिकलेल्या हायेत, ठावं आसंल.”

मी ती वायर काढली. हळदीचा ठसा तिच्या टोकावर होता, माझ्या अंगठ्याचा, अगदी स्पष्ट. टोकाच्या भोकात घातली आणि वर धावले. जिन्यात धाप लागली. हॉलमध्ये पहिल्या यंत्राला पत्ता मिळाला होता, खरा, आमच्या आळीचा. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पाच मिनिटांत चाळीसही यंत्रं ठिकाणावर.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. पहिला विचार मनात आला तो हा, की आता इंजिनिअरला फोन करून सांगते, मीच शोधलं.

सुदैवाने आधी प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं, म्हणजे खरोखर सगळं. पूजा, फोटो, ओळ, चिंध्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते हसले. पोट धरून हसले. चहा मागवला. म्हणाले, “अहो मॅडम, देवाधर्माच्या कामात व्हायचंच असं. तुमच्या हातून झालं ना, मग काही नाही.”

मी विचारलं, आणि मावशीचं पत्र?

“त्याला जावक नंबर पडलाय. निघालेला कागद मागे कसा घेणार? राहू दे, जरा धाक बसेल. झोपते ना ती तिथे?”

आणि मी काय केलं असेल? मी चहा प्यायले. ‘बरं सर’ म्हणाले, बशीतला चहासुद्धा संपवला आणि बाहेर आले. त्या चौपन्न वर्षांच्या बाईचे कान धरून तिला परत केबिनमध्ये ढकलावंसं मला आज वाटतं. एकच वायर, एकच भोक, एकच चूक. मावशीने केली असं वाटलं तेव्हा ते नुकसान होतं, त्याला पत्र होतं, जावक नंबर होता. तीच मी केली असं कळलं तेव्हा तो विनोद झाला आणि वर चहा. मधल्या दोन तासांत वायरीत काही बदललं नव्हतं. तिला हात लावणारी कोण, एवढंच बदललं होतं. आणि मला हे अपमानास्पद वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं.

व्हरांड्यात मावशी डबा पिशवीत भरत होती. मी म्हटलं, “मिटलं हो. मी साहेबांना सांगितलं माझ्याकडून झालं म्हणून.”

“कागद फाडला का त्यांनी?”

“नाही, पण ते म्हणाले...”

“मंग मिटलं कुनाचं?” तिने पिशवीची गाठ मारली. “तुमचं मिटलं, मॅडम.”

ती ओरडली नाही, रडली नाही. खर्ड्याच्या किल्ल्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी तिथे उभी राहिले आणि मला पहिल्यांदा राग आला तो योग्य माणसांवर आला: एक आत केबिनमध्ये बसलेले आणि एक मी.

सरकारी-निमसरकारी कारभारात तोंडी सांगितलेलं हवेत जातं, हे मी तीस वर्षं बघत आले होते. मी ऑफिसात गेले, फुलस्केप घेतला आणि स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. खंडेनवमीच्या दिवशी वरच्या हॉलची वायर मी काढली, मी चुकीच्या ठिकाणी लावली, ओलं फडकं माझं होतं, त्या कर्मचारी बाईंनी मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. जे पत्र त्यांना दिलं ते रद्द करावं, नाहीतर तेच पत्र त्याच मजकुराने मला द्यावं. आवक क्लार्कपुढे ठेवला. तो वाचून घाबरला. म्हणाला, मॅडम, साहेबांना आधी दाखवा. मी म्हटलं, तू शिक्का मार, दाखवायचं मी बघते. तो इकडेतिकडे बघत राहिला. मी त्याच्या हातातून शिक्का घेतला नाही, पण तसा विचार माझ्या चेहऱ्यावर त्याला दिसला असावा. त्याने मारला. नंबर पडला.

आवक नंबर पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. प्राचार्य या वेळी हसले नाहीत. म्हणाले, हे कशाला वाढवताय, तुमची निवृत्ती जवळ आलीय. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी दोन वेळा अर्ज वाचला. मला तेच पत्र द्यायचं तर कारण लिहावं लागलं असतं, की पूजा करताना यंत्रणेचं नुकसान केलं. तसं लिहायची त्यांची छाती नव्हती. मग मावशीचं पत्र रद्द केल्याचं पत्र टाइप झालं. एका ओळीचं. ‘सदर पत्र रद्द समजावे.’ चुकून दिलं होतं असं नाही, दिलगिरी नाही. ती ओळ लिहायला त्यांना संध्याकाळचे पाच वाजवावे लागले.

सोमवारी परीक्षा झाली. दिवाळीनंतर कंत्राट झालं. मावशी कामावर राहिली, मी निवृत्त झाले तरी होती. पण त्या शनिवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. ‘रद्द समजावे’ वालं पत्र तिच्याजवळ होतंच. म्हणाली, तुमी लिवलेल्या अर्जाची पन एक झेरॉक्स द्या. मी विचारलं, कशाला, ते तर आता फायलीत लागलंय.

“फाईल त्यांच्या कपाटात ऱ्हाती,” ती म्हणाली. “माज्या घरात काय?”

मी झेरॉक्स करून दिली. तिने ती डब्याच्या पिशवीत, कपड्याच्या घडीत नीट घातली. मध्ये एकदा तिच्या घरी हळदी-कुंकवाला गेले होते, तेव्हा तिने लोखंडी पेटी उघडली आणि मला ती दाखवली, रेशनकार्ड आणि लेकीच्या शाळेच्या दाखल्यामध्ये ठेवलेली. घडीवर कागद फाटायला आलाय, म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय.

माझी चूक होती. पण ती आपण केली नाही याचा पुरावा तिला पेटीत जपावा लागतो; माझ्याकडे असला पुरावा आयुष्यात कुणी मागितला नाही.